शॉकअप वजन उचलत नाही : पिकअपच्या निमित्ताने विज्ञानाचा एक पाठ



आमची शाळा निफाड तालुक्यात आहे. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी शेती आणि बऱ्याच जणांच्या दारात पिकअप. टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की शाळेसमोरून पिंपळगाव बसवंतच्या बाजाराकडे जाणाऱ्या भरलेल्या गाड्यांची रांगच लागते. मागच्या हंगामात नववीतल्या एका मुलाचे वडील शाळेत आले. मुलगा दोन दिवस गैरहजर होता, म्हणून मीच निरोप पाठवला होता.

ते म्हणाले, "सर, पोरगं गाडीवर माझ्यासंगं होतं. परवा पुलाच्या उतारावर ब्रेक मारला आन् गाडीचं मागचं अंग उड्या मारत एका बाजूला सरकलं. सात-आठ कॅरेट रस्त्यावर गेली. पोरगं लई घाबरलंय."

कोणाला लागले नव्हते, हे नशीब. मग ते पुढे म्हणाले, "आता मागं हेवीवाले गॅसचे शॉकअप टाकून घेतो. दुकानदार म्हणला, पंचाहत्तर कॅरेट आरामात बसतील."

इथे मी थांबलो. कारण त्यांनी काळजीने घेतलेला निर्णय चुकीच्या समजुतीवर उभा होता. खरं सांगायचं तर शंभरातल्या नव्वद जणांची हीच समजूत असते, की गाडीचे वजन शॉकअप पेलतो. मग वजन जास्त तर शॉकअप 'हेवी'. चला तर मग, आजच्या पाठात हे नीट समजून घेऊ. नववीला 'गतीचे नियम' आणि 'कार्य आणि ऊर्जा' शिकवताना हे उदाहरण वर्गात छान चालते, आणि पालकांच्या तर थेट उपयोगाचे आहे.

1. वजन कोण पेलतो?

पिकअपच्या मागच्या चाकांजवळ वाकून पाहा. एकावर एक बसवलेल्या, धनुष्यासारख्या वाकलेल्या पोलादी पट्ट्या दिसतील. हे पाटे. गाडीचा सांगाडा, हौदा आणि त्यातला माल यांचे वजन या पाट्यांवर असते. पाटा म्हणजे एक प्रकारची स्प्रिंगच.

स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञाने 1678 साली प्रसिद्ध केला. जेवढा भार, तेवढा ताण किंवा दाब. भार दुप्पट केला की स्प्रिंग दुप्पट दबते, अर्थात तिच्या मर्यादेत असेपर्यंत. मर्यादा ओलांडली की ती पूर्ववत होत नाही. गाडी रिकामी असतानाही पाटे सपाट झालेले दिसत असतील, तर हेच झाले आहे असे समजा.

पाट्यांच्या शेजारी तिरकी किंवा उभी बसवलेली जी नळी दिसते, तो शॉकअप. त्याच्या आत तेल असते आणि बारीक छिद्रे व झडपा असलेला दट्ट्या असतो. चाक वरखाली झाले की दट्ट्या तेलातून सरकतो, तेलाला बारीक छिद्रांतून जावे लागते आणि विरोध निर्माण होतो. हा विरोध केवळ हालचाल असतानाच असतो. गाडी उभी आहे, हौदा भरलेला आहे, काहीच हलत नाही, अशा वेळी तेलाचा शॉकअप एक किलोसुद्धा पेलत नाही.

मुलांना सांगताना मी बादलीतल्या पाण्याचे उदाहरण देतो. पाण्यात हात पटकन फिरवला तर पाणी अडवते. हात स्थिर ठेवला तर पाणी काहीच अडवत नाही.

2. मग शॉकअपचे काम काय?

खड्ड्यात चाक गेले की पाटा दबतो. दबलेल्या पाट्यात स्थितिज ऊर्जा साठते. पाटा ती ठेवून घेत नाही, लगेच परत देतो आणि गाडी वर उसळते. पुन्हा खाली, पुन्हा वर. शॉकअप नसेल तर हा झोका बराच वेळ चालतो. शॉकअप या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो आणि झोका लवकर थांबवतो. याला विज्ञानात अवमंदन म्हणतात.

म्हणून एक वाक्य फळ्यावर लिहा : पाटा पेलतो, शॉकअप थांबवतो.

आता पुलावरच्या घटनेकडे या. ब्रेक चाक थांबवतो, पण गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणामुळे. चाक उड्या मारत असेल, तर ज्या क्षणी ते रस्त्यावर नीट टेकलेले नाही, त्या क्षणी घर्षण कमी होते. ब्रेक कितीही चांगला असो, गाडी सरकते. शॉकअपकडे आपण बसण्याच्या आरामाची वस्तू म्हणून पाहतो. खरे तर ब्रेक आणि टायर यांच्याबरोबरीने तो सुरक्षिततेचा भाग आहे.

3. वर्गात करायचा प्रयोग

साहित्य : 50 ग्रॅमला साधारण 5 सेंटिमीटर ताणली जाणारी मऊ स्प्रिंग, 50 ग्रॅमची चार वजने, स्टँड, पातळ तार, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी प्लॅस्टिकची चकती, पाण्याची बादली, मोबाईलमधले स्टॉपवॉच.

कृती :

(अ) स्प्रिंगला 50 ग्रॅम अडकवा, थोडे खाली ओढून सोडा. 10 दोलनांना किती वेळ लागतो ते मोजा.

(आ) आता 200 ग्रॅम अडकवून तेच करा. वेळ जवळपास दुप्पट येईल. वजन चौपट, दोलनकाल दुप्पट, कारण दोलनकाल वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो.

(इ) वजनाखाली तारेने चकती बांधा आणि ती बादलीतल्या पाण्यात बुडेल असे करा. ही चकती म्हणजे आपला शॉकअप. पुन्हा 50 ग्रॅम ओढून सोडा आणि थांबेपर्यंत किती हेलकावे होतात ते मोजा.

(ई) तीच चकती, तेच पाणी, पण वजन 200 ग्रॅम. स्प्रिंग जास्त खाली येईल, म्हणून बादलीही खाली घ्या. हेलकावे मोजा.

शेवटच्या दोन निरीक्षणांवर मुलांना थांबवा. चकती बदलली नाही, पाणी बदलले नाही, तरी वजन वाढल्यावर हेलकावे वाढले. म्हणजेच रिकाम्या गाडीला पुरणारा शॉकअप भरलेल्या गाडीला अपुरा पडू शकतो. दुकानदाराच्या बोलण्यात एवढा भाग खरा होता. पण 'अपुरा' म्हणजे वजन पेलायला अपुरा नव्हे, झोका थांबवायला अपुरा.

यात अजून एक गंमत आहे. पुष्कळ जण पाट्यांमध्ये एखादा जादा पाटा टाकून घेतात. त्याने स्प्रिंग कडक होते आणि ती दबलेली ऊर्जा जास्त जोराने परत देते. म्हणजे पाटा वाढवला तर शॉकअपचे कामही वाढते. जुनाच मरगळलेला शॉकअप ठेवून फक्त पाटा वाढवणे म्हणजे अर्धेच काम.

4. गॅसचा शॉकअप किती वजन उचलतो? गणित करू

"सर, पण गॅसचा तर उचलतो ना?" असे त्या पालकांनी विचारलेच. प्रश्न चांगला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी तो मी वर्गातच गणित म्हणून दिला.

गॅसच्या शॉकअपमध्ये तेलाबरोबर नायट्रोजन वायू दाबाने भरलेला असतो. त्याचे मुख्य काम तेलात फेस होऊ न देणे हे आहे. दट्ट्या भरभर चालला की साध्या शॉकअपमधल्या तेलात बुडबुडे होतात, आणि फेसाळलेले तेल विरोध करत नाही. खराब रस्त्यावर लांब पल्ला असेल तर गॅसचा शॉकअप यासाठी चांगला.

आता उचलण्याचे पाहू. एकाच नळीच्या, जास्त दाबाच्या शॉकअपमध्ये साधारण 20 बार दाब आणि दांड्याचा व्यास 12 मिलिमीटर धरू.

दांड्याचे क्षेत्रफळ = 3.14 × 0.6 × 0.6 = 1.13 चौरस सेंटिमीटर.

1 बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो भार. म्हणून एक शॉकअप उचलतो 1.13 × 20 = सुमारे 23 किलो. दोन्ही मिळून 46 किलो.

भरलेले एक कॅरेट आमच्याकडे 22 किलोचे धरले जाते, 20 किलो माल आणि 2 किलो कॅरेट. म्हणजे हे दोन शॉकअप मिळून उचलतात दोन कॅरेट! दोन नळ्यांच्या, कमी दाबाच्या गॅस शॉकअपमध्ये तर त्याहूनही कमी. एका मुलीने वहीतून मान वर करून विचारले, "मग बाकीची त्र्याहत्तर कोण उचलतं?" पाठ तिथेच पोहोचला होता.

5. आधी काटा, मग दुकान

शॉकअप निवडण्याची पहिली पायरी दुकानात नाही, वजनकाट्यावर आहे. गाडीच्या आरसीवर रिकामे वजन आणि भरलेले कमाल वजन दिलेले असते. उदाहरणादाखल रिकामे 1700 आणि कमाल 3000 धरू. फरक 1300 किलो. यात ड्रायव्हर आणि शेजारी बसलेला माणूसही मोजायचा. वडील 75 आणि मुलगा 45, म्हणजे 120 किलो गेले. उरले 1180. भागिले 22, म्हणजे 53 कॅरेट.

आणि गाडीत होती 75. बावीस कॅरेट जादा, म्हणजे 484 किलो.

जादा वजनाला मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये अशी तरतूद आहे. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट अशी की, कोणताही शॉकअप, कोणताही जादा पाटा आरसीवरचा आकडा वाढवत नाही. ब्रेक, टायर, हाउसिंग, बेअरिंग सगळे त्या आकड्यासाठी बनवलेले असते.

काट्यावर अजून एक काम करा. पूर्ण गाडीचे वजन झाल्यावर फक्त मागची चाके काट्यावर ठेवून वजन घ्या. माल हौद्याच्या अगदी मागच्या टोकाला भरला असेल तर मागच्या चाकांवर भार वाढतो आणि पुढची चाके हलकी होतात. स्टिअरिंग हलके लागणे, रात्री हेडलाइटचा झोत वर जाणे, ही त्याची लक्षणे. माल पुढे सरकवून भरला तरी पुष्कळ फरक पडतो, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

6. जुना शॉकअप गेला आहे हे कसे ओळखाल?

कारचा कोपरा दाबून सोडायचा आणि झोके मोजायचे, ही युक्ती बऱ्याच जणांना माहीत आहे. पिकअपच्या मागच्या बाजूला ती चालत नाही, कारण कडक पाटे हाताने दबतच नाहीत. त्याऐवजी हे पाहा :

- नळीवरून तेलाचे ओघळ आलेले आहेत का? किंचित ओलसर धूळ चिकटलेली असणे चालते, ओघळ चालत नाही.
- दांडा वाकलेला, गंजलेला किंवा नळीला पोचा आहे का?
- दोन्ही टोकांचे रबरी बुश फाटले आहेत का? खडखड आवाज बहुतेक वेळा इथूनच येतो.
- टायरवर थोड्या थोड्या अंतराने खोलगट झीज दिसते का? चाक उड्या मारत असल्याची ती खूण आहे.
- खराब रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवून सुरक्षित जागी थांबा आणि हात जपून दोन्ही शॉकअपना लावून पाहा. काम करणारा शॉकअप गरम होतो, कारण ऊर्जेची उष्णता होते. एक गरम आणि दुसरा थंड असेल तर थंड असलेला काम करत नाही.

ही शेवटची तपासणी मुलांना फार आवडते. ऊर्जेच्या रूपांतरणाचा पुरावा हाताला लागतो!

शॉकअपबरोबरच पाटेही तपासा. एखादा तुटलेला आहे का, यू-बोल्ट ढिले आहेत का, पाट्याच्या टोकाचे बुश झिजले आहेत का, पाट्यावरचा रबरी ठोकळा जागेवर आहे का. भरलेल्या गाडीत हा ठोकळा कायम टेकलेलाच असेल, तर पाटे हरले आहेत. तिथे नवा शॉकअप काही करू शकत नाही.

7. नवा निवडताना

- लांबी : पूर्ण ताणलेली आणि पूर्ण दाबलेली अशा दोन्ही लांब्या मूळ शॉकअपशी जुळवा. दाबलेली लांबी जास्त असेल, तर भरलेली गाडी खड्ड्यात गेल्यावर ठोकळा टेकण्याआधीच शॉकअप आतून आपटेल. ताणलेली लांबी कमी असेल, तर रिकाम्या गाडीत तो ओढला जाऊन तुटेल. जादा पाट्याने गाडीची उंची वाढली असेल तर लांबी पुन्हा मोजा.
- टोके : दोन्ही टोकांना रिंग आहे की बोल्ट, आणि बुशच्या आतल्या छिद्राचा व्यास किती. "बसवून टाकू ठोकून" हे ऐकू नका.
- विरोध : शॉकअप दाबताना कमी आणि ताणताना जास्त विरोध करतो, कारण पाट्याची उसळी त्याला आवरायची असते. बहुतेक फेऱ्या भरलेल्या असतील तर भारवाहू वापराचा, ताणताना जास्त विरोध करणारा घ्या. पण अति कडक घेऊ नका. बाजारातून परतताना गाडी रिकामी असते. तेव्हा अति कडक शॉकअप चाकाला खड्ड्यात नीट उतरू देत नाही, आणि रिकामी गाडी रस्त्यावर टणाटण उडते.
- स्प्रिंगवाला शॉकअप : बाहेरून स्प्रिंग गुंडाळलेले शॉकअप मिळतात. ते खरोखर थोडे वजन पेलतात, पण ते वजन शॉकअपच्या छोट्या ब्रॅकेटवर येते. मूळ ब्रॅकेट झोका आवरण्यापुरते बनवलेले असते, ते तडकू शकते. आधार हवाच असेल तर तो पाट्यांमार्फत घ्यावा.
- जोडी : एका आसावरचे दोन्ही शॉकअप एकदम बदला. एक नवा आणि एक जुना ठेवला तर ब्रेक मारताना गाडी दोन्ही बाजूंना सारखी वागत नाही.
- बसवताना : दोन नळ्यांचा शॉकअप दुकानात आडवा पडून असतो. बसवण्याआधी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ताणून घ्यावा, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. आणि बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळावेत. गाडी जॅकवर लटकत असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

पार्ट नंबर पाहून, बिल घेऊन खरेदी करा. नकली माल दिसायला अगदी तसाच असतो.

8. पुढे काय झाले?

त्या पालकांनी गाडी काट्यावर नेली. मागच्या एका बाजूचा पाटा तुटलेला निघाला आणि एक शॉकअप पूर्ण कोरडा. पाटा आणि बुश बदलले, शॉकअप जोडीने बदलले. एवढे सगळे त्यांनी आनंदाने केले. पण बावीस कॅरेट कमी करायचे म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"सर, बावीस कॅरेटसाठी दुसरी फेरी मारायची म्हंजी डिझेल कुठनं आणू? भाव तर तुम्ही बघताच."

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि विज्ञानाच्या पुस्तकातही नव्हते. भाव पडलेला असताना शेतकरी फेरी वाचवायला बघणार, हे समजण्यासारखे आहे. मी फक्त मुलाने सोडवलेले गणित त्यांच्यासमोर ठेवले. त्यात एका ओळीत लिहिले होते : मुलगा 45 किलो. ते बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "शेजारच्याची गाडी अर्धी मोकळीच जाती. त्याच्यात टाकतो जादाची. भाडं वाटून घेऊ."

रोज हे जमते असे नाही, पण बरेच दिवस जमते. मुलगा आता नियमित शाळेत येतो. आणि एक गोष्ट मी शाळेच्या पालक सभेत आवर्जून सांगतो : मालवाहू पिकअपच्या हौद्यात मुले बसवू नका. स्पर्धेला जायचे असो की जत्रेला. नवे शॉकअप बसवले असले तरीही नाही.

मुलांसाठी गृहपाठ

1. घरातल्या किंवा शेजारच्या मालवाहू गाडीच्या आरसीवरून रिकामे आणि कमाल वजन लिहून आणा. किती माल भरता येईल ते काढा. माणसे मोजायला विसरू नका.
2. दांड्याचा व्यास 14 मिलिमीटर आणि दाब 20 बार असेल तर शॉकअप किती किलो उचलेल?
3. प्रयोगात पाण्याऐवजी गोडेतेल वापरले तर हेलकाव्यांची संख्या वाढेल की कमी होईल? कारण सांगा.
4. शॉकअप चांगला असूनही भरलेली गाडी सुरक्षित नसू शकते. अशी दोन कारणे लिहा.

पहिला प्रश्न मुलांकडून नक्की करून घ्या. त्या निमित्ताने घरात आरसी निघते, आकडा वाचला जातो, आणि पोरगं बापाला विचारतं, "आपण किती भरतो?" या पाठातून एवढे झाले तरी पुष्कळ आहे.